पद्मिनीचं स्टेअरिंग ढिलं आहे की जड? बॉक्सला पाना लावायच्या आधी हे सगळं क्रमाने तपासा

जुनी प्रीमियर पद्मिनी घेतलेली माणसं मला फोन करतात तेव्हा दहातल्या सात जणांची तक्रार एकच असते, स्टेअरिंग ढिलं आहे, स्टेअरिंगचा बॉक्स (स्टेअरिंगची फिरकी चाकांकडे पाठवणारा गिअरचा डबा) कुठे मिळेल. मी म्हणतो आधी बाकीचं तपासा. कोणी ऐकत नाही. गॅरेजला जातात, तिथे बोनेट उघडून बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला जातो, दहा मिनिटांचं काम. आणि महिन्याभरात तोच माणूस परत फोन करतो की आता स्टेअरिंग जड झालंय, वळणावरून परत येत नाही, आणि गाडी रस्त्यावर डावी-उजवी फिरायची ती फिरतेच आहे.

असं होतं कारण ढिलाई बॉक्समध्ये नव्हतीच, ती किंगपिनमध्ये (ज्या उभ्या पिनभोवती पुढचं चाक वळतं) किंवा टायरॉडच्या (चाकाला वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाला होती. ती तिथेच राहिली आणि वरून बॉक्स मात्र आवळला गेला. आता हेही लक्षात घ्या की जड स्टेअरिंगची गाडीसुद्धा हायवेवर ढिली वाटते. स्टेअरिंग आपोआप मधे येत नाही, मग तुम्ही सतत थोडं इकडे थोडं तिकडे करत राहता, आणि वाटतं की गाडीच सैल झालीय. म्हणून "ढिलं" की "जड" हे नुसतं चालवून ठरवू नका, मोजून ठरवा.

सगळ्या लेखाचा क्रम एकच आहे: टायरपासून सुरू करायचं आणि बॉक्सपाशी संपवायचं. उलटं नाही.

## आधी रचना डोक्यात बसवा

स्टेअरिंग फिरवलं की कॉलम फिरतो, कॉलमच्या खाली उजव्या बाजूला चॅसिसला बोल्ट केलेला वर्म बॉक्स (आत मळसूत्रासारखा वर्म गिअर असलेला स्टेअरिंग बॉक्स) आहे, बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म नावाचा दांडा निघतो, तो मधला रॉड ढकलतो, मधल्या रॉडचं डावीकडचं टोक आयडलर आर्मवर (नुसता आधार देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) टेकलेलं असतं, मग दोन्ही बाजूंना एकेक टायरॉड, आणि टायरॉड स्टब अ‍ॅक्सलला (चाक ज्यावर बसतं त्या छोट्या दांड्याला) किंगपिनभोवती फिरवतो. म्हणजे तुमच्या हातापासून टायरपर्यंत दहा-बारा तरी सांधे आहेत. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर झीज झाली तरी बॉक्सच्या रेशोमुळे (स्टेअरिंग खूप फिरतं तेव्हा चाक थोडं वळतं) स्टेअरिंगच्या कडेवर ती साधारण आठ-दहा मिलिमीटर होऊन दिसते. चार सांधे थोडे थोडे गेले की झाला दोन बोटांचा प्ले (रिकामी हालचाल), आणि बॉक्स बिचारा ठीकच असतो.

## तयारी

सपाट आणि पक्की जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगला उतार असेल तर तिथे हे काम करू नका. जॅक, दोन मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे, टॉर्च, वायर ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, चिंध्या, खडू, चिकटपट्टी, मोजपट्टी, ग्रीस गन, ईपी ९० गिअर ऑइल आणि नवीन स्प्लिट पिनांचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनांचं) पाकीट. आणि एक माणूस. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण एकट्याने स्टेअरिंग हलवून एकट्यानेच खाली बघता येत नाही.

आदल्या दिवशी सगळे सांधे वायर ब्रशने आणि रॉकेलने धुऊन घ्या. चिखल आणि जुन्या ग्रीसच्या थराखाली काहीही दिसत नाही.

थांबा: तपासणीच्या आधी ग्रीस मारू नका. ही चूक फार जण करतात, आधी सगळीकडे ग्रीस आणि मग तपासणी. ताजं ग्रीस झिजलेल्या जागेत भरून बसतं, प्ले दोन-चार दिवस लपतो आणि तुम्ही समजता सांधा चांगला आहे. आधी ढिलाई तपासायची, मग ग्रीस, मग जडपणा.

थांबा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पाच सेकंदांसाठीसुद्धा नाही. घोड्या लावा, गाडी हाताने हलवून बघा, मगच आत शिरा.

## १. टायर आणि हवा

हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही. पद्मिनीचे मूळ टायर ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय (आतल्या दोऱ्यांचे थर तिरपे असलेले जुन्या पद्धतीचे). हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं आणि वळताना टायरची बाजू वाकून गाडी उशिरा प्रतिसाद देते, म्हणजे एकाच वेळी जड आणि ढिलं. हवा थंड टायरमध्ये, हँडबुकात दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा आणि दोन्ही पुढच्या चाकांत सारखी भरा.

मग टायर बघा. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल (आतल्या दोऱ्या आडव्या असलेला, आजकालचा) आणि एक क्रॉसप्लाय असेल तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही, आधी ते बदला. फक्त पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हेही धोक्याचं आहे, वळणावर मागची बाजू आधी सुटते. चारही सारखे हवेत. रुंद रेडियल घातले असतील तर पार्किंगमध्ये स्टेअरिंग थोडं जड राहणारच, तो बिघाड नाही. त्यात कोणी छोटं स्पोर्टी स्टेअरिंग व्हील बसवलं असेल तर आणखी जड, कारण हाताला मिळणारी तरफ कमी झाली.

गाडी महिनोन् महिने एका जागी उभी असेल तर क्रॉसप्लाय टायर खालून चपटे होतात, पहिले काही किलोमीटर स्टेअरिंग थरथरतं आणि टायर गरम झाले की थांबतं. त्यासाठी सांधे खोलू नका.

## २. प्ले मोजा, गाडी चाकांवर उभी असताना

चाकं सरळ करा. डॅशबोर्डला एक तार चिकटपट्टीने अशी लावा की तिचं टोक स्टेअरिंगच्या कडेजवळ येईल. आता दोन बोटांनी स्टेअरिंग हळू डावीकडे न्या, मदतनीस पुढच्या टायरवर हात ठेवून बसलेला असेल, टायर जरा सरकायला लागला की तो ओरडेल. तिथे खडूची खूण. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि लिहून ठेवा.

जुन्या वर्म बॉक्सच्या गाडीत २०-२५ मिमी असेल तर मी हात लावत नाही. २५ ते ५० मध्ये असेल तर सांधे शोधायचे. ५० च्या वर असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

लक्षात ठेवा: हे माप फक्त चाकं सरळ असतानाच घ्यायचं. पूर्ण वळवलेल्या अवस्थेत प्ले जास्तच दिसतो. अशा बॉक्सची घडणच तशी असते, मधे घट्ट आणि टोकाला मोकळी. ते बघून घाबरून स्क्रू आवळला की गाडी बिघडली म्हणून समजा.

## ३. बोट ठेवून सांधा शोधा

आता खरं काम. चाकं जमिनीवरच, कारण वजन असेल तरच टायर अडून राहतो आणि सांध्यातला प्ले दिसतो. मदतनीस स्टेअरिंगवर, तो फक्त त्या ढिल्या टप्प्यातच डावं-उजवं, डावं-उजवं करत राहील, जोर लावायचा नाही. तुम्ही खाली, टॉर्च घेऊन. गाडीखाली जायला जागा नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या फळ्यांवर चढवा.

नुसतं डोळ्यांनी बघू नका. सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर येईल. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकदम हलतात, बोटाला एकच हालचाल लागते. गेलेल्या सांध्यात आधी एक भाग हलतो आणि मग टिक करून दुसरा, आणि ती टिक बोटाला इतकी स्पष्ट लागते की एकदा कळली की आयुष्यभर विसरत नाही. माझ्या पुतण्याला मी असंच शिकवलं. तो वर बसून विचारत होता, काका अजून किती हलवू, आणि मी डावीकडच्या आयडलरवर बोट ठेवून पडलो होतो. मधला रॉड आडवा जाण्याऐवजी टोकाला आधी वर उचलला जायचा, मग आडवा. आम्ही जागा बदलल्या, त्याने बोट ठेवलं आणि लगेच म्हणाला, हा हा इथेच आहे. त्याच गाडीसाठी नवीन बॉक्स आणायचं ठरलेलं होतं, प्रत्यक्षात लागले आयडलरचे बुश (सांध्याच्या आत बसणाऱ्या नळ्या).

या क्रमाने जा, वरून खाली:

बॉक्स आणि चॅसिस यांच्या फटीवर बोट. बॉक्सच हलत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा त्यांची भोकं मोठी झालीत किंवा चॅसिसच्या पत्र्याला तडा आहे. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेतल्या गाड्यांत हे नक्की बघा, अंडरकोटिंगच्या खाली पत्रा कुजलेला असतो आणि वरून छान काळा दिसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पत्रा कुजला असेल तर बोल्ट आवळून उपयोग नाही, आधी वेल्डिंग.

मग बॉक्समधून येणारा शाफ्ट आणि ड्रॉप आर्म. शाफ्ट फिरण्याऐवजी बाजूला ढकलला जात असेल तर बॉक्सचा बुश गेला. आर्मचा नट सैल आहे का तेही बघा.

मग मधल्या रॉडची दोन टोकं, आयडलर, आणि टायरॉडची चार टोकं. स्प्रिंगवाला बॉल जॉइंट हाताने दाबला की वरखाली जरा दबतो, तेवढं चालतं. बाजूला खटक आली की जॉइंट बदलायचा. मोठा पाना किंवा पकड लावून दाबू नका, त्याने नवीन जॉइंटही हलतो आणि उगाच बदलला जातो.

सगळ्यावर बोट ठेवून झालं, सगळं एकत्र हलतंय, आणि तरी कॉलम फिरतो पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर आणि तरच बॉक्सच्या आतला प्ले आहे. ते वहीत लिहा पण अजून हात लावू नका.

## ४. चाक उचलून: बेअरिंग की किंगपिन

पुढची बाजू उचलून घोड्यांवर ठेवा. एक हात टायरवर बाराच्या जागी, दुसरा सहाच्या जागी, आणि चाक आत-बाहेर हलवा. खटक आली तर ती बेअरिंगची आहे किंवा किंगपिनची.

यातला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. मदतनीसाला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की हब (चाकाचा मधला भाग) आणि बॅकप्लेट (ब्रेकमागची स्थिर तबकडी) एकत्र धरले जातात आणि बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. खटक गेली तर बेअरिंग. खटक तशीच राहिली तर किंगपिन किंवा विशबोनचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या हातांचे) बुश, आणि मग टॉर्च मारून बघा की स्टब अ‍ॅक्सल उभ्या तुकड्यावर हलतोय की उभा तुकडाच विशबोनवर हलतोय. ब्रेक न दाबता केलेली किंगपिनची तपासणी मी तपासणी मानत नाही.

मग तेच नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवून. बारा-सहाला काही नाही आणि नऊ-तीनला खटक, म्हणजे टायरॉड किंवा त्याच्या पुढचं काहीतरी.

बेअरिंग सैल असेल तर अ‍ॅडजस्ट करताना चाक फिरवत फिरवत नट आवळा. फार आवळलं की हब गरम होतो आणि बेअरिंग जळतं. दहा किलोमीटर चालवून हबला हात लावून बघा, दोन्ही बाजू सारख्या कोमट असाव्यात.

### किंगपिन बदलल्यावर स्टेअरिंग जड का होतं

इथे जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. टायरच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त किंगपिनचा प्ले असेल तर किट बदलावंच लागतं. पण किट आणलं, बुश ठोकले, पिन हातोडीने आत घातली, झालं काम, असं नसतं. बुश ठोकल्यावर थोडा आकसतो. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीमर करावा (रीमर नावाच्या हत्याराने भोक मापात घासून घ्यावं) लागतो, लांब रीमर लागतो जो दोन्हीतून एकदम जाईल. रीमर न करता पिन ठोकली तर ती जाते आत, पण स्टब अ‍ॅक्सल फिरायला हातोडी लागते, आणि मग म्हणतात थोडं चालवा, सेट होईल. सेट होत नाही, बुश खरवडला जातो.

दुसरी गोष्ट, बुशचं भोक ग्रीस निपलच्या (ग्रीस गन लावायच्या तोंडाच्या) भोकासमोरच आलं पाहिजे. बुश जरा फिरून बसला तर तुम्ही कितीही ग्रीस मारा, आत जाणारच नाही. पिन घालायच्या आधी निपलमधून ग्रीस मारून बघा, आतल्या भोकातून बाहेर आलं पाहिजे.

तिसरी, खालचा थ्रस्ट वॉशर (वजन पेलणारी चकती) किंवा बेअरिंग आणि वरची शिम (फट भरायची पातळ चकती). शिम जाड झाली की अडकतं, पातळ झाली की वरखाली खटक.

तपासणी: चाक आणि टायरॉड न लावता स्टब अ‍ॅक्सल एका हाताने, खांदा न लावता, पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरला पाहिजे. एका हाताने फिरत नसेल तर पुढे जोडू नका, परत खोला. मेकॅनिककडे काम दिलं असेल तर याच टप्प्यावर स्वतः जाऊन हाताने फिरवून बघा, जोडून झाल्यावर काही कळत नाही.

## ५. आता ग्रीस

गाडी चॅसिसवर उचललेली, चाकं लोंबती. हे महत्त्वाचं आहे. चाक जमिनीवर असताना किंगपिनच्या थ्रस्ट वॉशरवर गाडीचं वजन असतं, तिथे ग्रीसला जायला जागाच नसते. चाक लोंबतं ठेवून, स्टेअरिंग डावं-उजवं फिरवत ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत.

निपलमध्ये ग्रीस जात नसेल तर ते काढून रॉकेलमध्ये बुडवा, नाहीतर सरळ नवीन लावा, फार महाग नसतं. नवीन निपल लावूनही जात नसेल तर आतली वाट तुंबली आहे. पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी परत प्रयत्न करा. विशबोनची निपल विसरू नका. आणि झाल्यावर बाहेर आलेलं ग्रीस पुसून काढा, नाहीतर त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो.

रबराच्या बुशला ग्रीस लावायचं नाही, रबर फुगून खराब होतं. आयडलर रबर बुशचा बसवलेला असेल तर त्याचा नट चाकं सरळ ठेवूनच आवळा. वळवलेल्या अवस्थेत आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडी कायम एका बाजूला ओढते.

## ६. जडपणा कुठे आहे ते तुकडे पाडून शोधा

पुढची दोन्ही चाकं हवेत. स्टेअरिंग फिरवा.

हलकं फिरलं? मग सांध्यांत आणि बॉक्समध्ये जडपणा नाही. कारण टायर, हवा, टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) किंवा कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन). पहिल्या टप्प्यावर परत जा आणि मग अलाइनमेंट.

हवेतही जड आहे? मग तोडायचं. दोन्ही टायरॉड स्टब अ‍ॅक्सलच्या आर्मपासून सोडवा. आता प्रत्येक चाक वेगळं, हाताने फिरवा. एक हलकं आणि एक जड असेल तर जडवाल्याचा किंगपिन. दोन्ही हलकी असतील तर चाकं सुटली आरोपातून. आता स्टेअरिंग फिरवा. अजून जड आहे तर मधला रॉड ड्रॉप आर्मपासून सोडवा आणि तो रॉड हाताने हलवा. तो जड असेल तर आयडलर जाम आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं, कारण आयडलर कोपऱ्यात असतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. तोही हलका असेल तर उरला बॉक्स आणि कॉलम.

एवढं करायला सुट्टीची एक सकाळ जाते आणि याच्यात अंदाज लावायला काही उरतच नाही.

सांधे सोडवताना: बॉल जॉइंटच्या आट्यांवर हातोडी मारू नका, आटे चेचले की नट परत चढत नाही. नट आट्यांच्या टोकापर्यंत ठेवा, आणि ज्या डोळ्यात (भोकात) जॉइंटचा टेपर, म्हणजे निमुळता दांडा, बसलाय त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोडीने एक सणसणीत फटका. टेपर आपोआप सुटतो. टायरॉडचं टोक आट्यातून काढणार असाल तर किती फेरे फिरलं ते मोजून लिहा, नवीन तेवढेच फेरे चढवा. आणि जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत वापरायची नाही. कधीच नाही.

## ७. कॉलम

बॉक्स कधी खोलून बसवला असेल तर इथे जडपणा असू शकतो. बसवताना बरेच जण आधी डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट आवळतात आणि मग बॉक्सचे बोल्ट, त्याने कॉलम कमानीसारखा ताणला जातो आणि शाफ्ट आत घासतो.

तपासायला ब्रॅकेटचे बोल्ट सैल करा. कॉलम टुणकन बाजूला सरकला किंवा स्टेअरिंग लगेच हलकं झालं तर सापडलं. बरोबर क्रम असा: ब्रॅकेट सैल, बॉक्स पूर्ण आवळा, मग कॉलम जिथे आपोआप टेकतो तिथेच ब्रॅकेट आवळा, फट राहत असेल तर तिथे शिम घाला, ओढून आणू नका. बहुतेक पद्मिनींचा गिअर लिव्हर कॉलमवरच असल्यामुळे यानंतर चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा.

वरचा बुश कोरडा असेल तर फिरवताना कुरकुर येते, थोडं ग्रीस पुरतं. स्टेअरिंग व्हील काढणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा, हॉर्नचा कॉन्टॅक्ट तिथेच आहे.

## ८. बॉक्स, सगळ्यात शेवटी

आधी तेल. फिलर प्लग उघडा, आत तार घालून बघा. आत ईपी ९० हवं. खूप गाड्यांत आत ग्रीस भरलेलं निघतं, कारण खालचा सील गळत होता आणि कोणीतरी सोपा मार्ग काढला. ग्रीस वर्मच्या वाटेतून एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही, कडेला भिंतीसारखं उभं राहतं आणि वर्म कोरडा चालतो. असं ग्रीस निघालं तर बॉक्स धुऊन, सील बदलून, तेल भरा. फक्त तेल भरल्यावर हलके झालेले बॉक्स मी पाहिलेत.

मग मदतनीसाला स्टेअरिंग स्वतःकडे ओढायला आणि पुढे ढकलायला सांगा. शाफ्ट वरखाली सरकत असेल तर वर्मच्या बेअरिंगचा प्ले आहे, आणि तो आधी काढायचा. हा प्ले ठेवून स्क्रू आवळणं ही सर्रास होणारी चूक आहे.

मग अ‍ॅडजस्टमेंट. जुन्या गाड्यांमध्ये कुठे कव्हरवर स्क्रू आणि लॉकनट असतो, कुठे शिम, कुठे एक्सेंट्रिक (भोक मध्यापासून सरकलेला) बुश, पण नियम सगळ्यांना एकच: मधला रॉड सोडवलेला, बॉक्स बरोबर मध्यावर. मध्य शोधायला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत न्या आणि निम्मे परत या. लॉकनट सैल करा, स्क्रू एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, जास्त नाही, आणि दर वेळी ड्रॉप आर्म हलवून बघा. प्ले जेमतेम जाईल तिथे थांबा. स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा, नाहीतर तो सोबत फिरतो.

तपासणी: आता टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधे किंचित जास्त रोध लागेल, तो हवाच. पण कुठेही अडकता कामा नये. मधला प्ले घालवला की टोकाकडे जाताना अडकतंय, असं असेल तर वर्म मधे झिजला आहे, कारण आयुष्यभर गाडी जास्त सरळच चालली. मग स्क्रू मागे घ्या, थोडा प्ले राहू द्या, आणि बॉक्सच्या दुरुस्तीचं बघा. आवळून चालवू नका.

हे मी इतकं जीव तोडून सांगतोय कारण माझ्या गाडीचं असं झालं होतं. एका गॅरेजने बॉक्स आवळून दिला, शहरात छान वाटलं, घट्ट, नव्या गाडीसारखं. गुहागरला जाताना कशेडी घाटात एका वळणानंतर मी सवयीने हात ढिले सोडले आणि स्टेअरिंग परत आलंच नाही, गाडी वळतच राहिली, समोरून एसटी. जोर लावून ओढलं म्हणून निभावलं. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. खेडला थांबून स्क्रू पाव फेरा मागे घेतला आणि गाडी लगेच मधे यायला लागली. तेव्हापासून मी बॉक्सला कधी पहिला हात लावत नाही.

## अँबेसिडर असेल तर

तिथे वर्म बॉक्स नाही, रॅक अँड पिनियन (दातांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा छोटा गिअर) आहे, त्यामुळे आठवा टप्पा वेगळा. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बेलो फाटलेत का ते आधी बघा, फाटले की तेल बाहेर आणि धूळ आत, आणि मग जडही होतं आणि ढिलंही. बेलोवरून हाताने दाबून आतला बॉल जॉइंट चाचपा. चाकाच्या जागी ट्रनियन (किंगपिनसारखं काम करणारा सांधा) आट्यांवर बसलेला असतो, त्याला ग्रीस नाही मिळालं की आटे झिजतात, आणि आटे पूर्ण गेले की चाक गाडीखाली दुमडतं. बारा-सहाच्या तपासणीत इथे खटक दिसली तर गाडी जागेवरून हलवू नका. बाकी पहिले सहा टप्पे तेच, फक्त ड्रॉप आर्म, मधला रॉड आणि आयडलर तिथे नाहीत.

## ९. जोडणी, टो-इन आणि रस्त्यावर

सगळे नट, नवीन स्प्लिट पिना, चाकं खाली. गाडी पाच-सहा फूट पुढे ढकला म्हणजे सांधे आपल्या जागी बसतील, ढकलल्याशिवाय घेतलेलं माप चुकतं. मग दोन्ही पुढच्या टायरवर हबच्या उंचीला, पुढच्या बाजूला खडूची रेघ, दोन रेघांमधलं अंतर मोजा. गाडी इतकी ढकला की त्याच रेघा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतील, परत मोजा. पुढचं अंतर थोडं कमी यायला हवं, साधारण दोन-तीन मिमी, हँडबुकाचा आकडा असेल तर तो धरा. हे फक्त गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत नेण्यापुरतं. दोन्ही टायरॉड सारखेच फिरवा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टेअरिंग तिरकं. आणि अलाइनमेंट सगळे सांधे दुरुस्त झाल्यावरच करायची, आधी केली तर ते पैसे गेले.

रस्त्यावर पहिल्यांदा रिकामा रस्ता, वेग २० च्या आत. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, टायर कुठे घासतो का, ब्रेकचा होज ताणतो का. मग ३० च्या वेगाला वळण घ्या आणि हात स्टेअरिंगच्या अगदी जवळ ठेवून पकड सैल करा, ते स्वतःहून मधे आलं पाहिजे. मधे येता येता अर्ध्यात थांबलं तर किंगपिन किंवा बॉक्स अजून टाईट आहे, परत सहाव्या टप्प्यावर. ते जमलं की मगच ५०-६०. तिथे थरथर आली तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या, आणि तरी राहिली तर चौथा टप्पा पुन्हा.

घरी येऊन दुसरा टप्पा परत करा, तार, खडू, माप, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. २०० किलोमीटर झाले की बॉक्सचे बोल्ट, आयडलरचे बोल्ट आणि लॉकनट पुन्हा पान्याने तपासा, नवीन जोडलेले बोल्ट पहिल्या धक्क्यांनंतर थोडे बसतात. बॉक्सखाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा, सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला तर सील नीट बसलेला नाही.